पांढरी सात

मिरजेहून पेटी दुरुस्त होऊन आली. दुकानदारानं भाता उघडला तेव्हा आत उंदरांचं एक जुनं घरटं निघालं होतं, आणि ही बातमी त्यानं मला फोनवर अशा सुरात दिली की जणू ते उंदीर माझ्या माहेरचे असावेत. एका अर्थी होतेच म्हणा. पेटी आमच्या गावच्या आण्णांची. आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्यांच्या नातवानं माळ्यावरून ती खाली काढली, माझ्या दारात आणून ठेवली, "तुमालाच द्यायची असं आजा सांगून गेलाय," एवढं म्हणाला आणि चहा न घेता निघून गेला. मी नको म्हणेन अशी त्याला भीती वाटली असावी.

साताऱ्यातल्या माझ्या दोन खोल्यांत पेटीला जागा नव्हती. म्हणून ती दिवाणावर बसली आणि आल्यागेल्याला आम्ही स्टुलावर बसवू लागलो. आम्ही म्हणजे मी आणि अक्का. अक्का माझी थोरली बहीण, विट्याला दिलेली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती माझ्याकडे आली आहे. दिवसभर काळा चष्मा लावून खिडकीत बसते आणि टीव्ही बघायचा नाही असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे सगळं लक्ष माझ्यावर ठेवते. भाजीत मीठ किती पडलं हे तिला आता आवाजावरून कळतं.

त्या दुपारी मी पेटीचं झाकण उघडलं. वर नव्या कातड्याचा आणि पॉलिशचा वास होता, पण भाता दोनदा हलवला तसा खालचा वास वर आला. उदबत्ती, तंबाखू, आणि त्यात कुठंतरी साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर, आंबूस वास. नाकाला ओळख पटली आणि बोट आपोआप एका पट्टीवर जाऊन पडलं.

"आलं का तुझं ते पुन्यांदा," अक्का खिडकीतून म्हणाली.

बोट पांढऱ्या सातवर पडलं होतं.

ज्यांच्या घरी कधी पेटी नव्हती त्यांना हे सांगायला हवं. पेटीच्या काळ्या पट्ट्या तूर्त सोडून द्या. पांढऱ्या ओळीनं सात असतात, मग पुन्हा त्याच सात. पहिलीला सा मानून सरळ पांढऱ्या पांढऱ्या वाजवत गेलं की शाळेतल्या प्रार्थनेचं साधं सारेगम निघतं. पण दुसरीला सा मानून तेवढ्याच पट्ट्या वाजवा, काफी निघतो. तिसरीवरून निघालात तर भैरवी, चौथीवरून यमन, पाचवीवरून खमाज, सहावीवरून आसावरी. पट्ट्या त्याच, फक्त निघायची जागा वेगळी. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला चाळीतल्या खोल्यांची आठवण झाली. दार बदललं की आतला संसारच वेगळा. सहा दारं, सहा बिऱ्हाडं.

आणि सातवीवरून? सातवीवरून काहीच नाही. गाण्याच्या परीक्षेच्या पुस्तकात तिचं नाव नव्हतं. सातव्या दाराला कुलूप.

मी तेव्हा कराडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, आणि मुलीच्या अंगी एखादी कला असावी म्हणून वडिलांनी मला आण्णांकडे पेटी शिकायला धाडलं होतं. आण्णा आमच्या गावच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. बाकी दिवसभर उसाला पाणी पाजायचे. तरुणपणी ते मिरजेला राहून गाणं शिकून आले होते आणि त्या गोष्टीचा विसर त्यांनी गावाला कधी पडू दिला नाही. मी त्यांना विचारलं, आण्णा, सातवीवर काय आहे?

"काय न्हाई," आण्णा म्हणाले. "बघ, सा म्हटलं की त्याला पंचम लागतो. तंबोरा कशानं लावत्यात? सा नि पंचम. आता सातवीला सा कर नि पंचम हुडीक."

मी हुडकला. पंचम असायला हवा तिथून तो अर्धं पाऊल खाली घसरला होता. म्हणजे दोन मध्यम शेजारी शेजारी आणि पंचमाचा पत्ताच नाही.

"दोन दगडांची चूल हाय ती," आण्णा म्हणाले. "पातेलं ठिवलं की कलंडणार. शाना माणूस तिथं सैपाक करत न्हाई."

आमचं गाव कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. गाळपाचा हंगाम सुरू झाला की गावाला एकच वास यायचा. कपड्यांना मळीचा वास, दुधाला मळीचा वास, देवाच्या तीर्थालासुद्धा. रस्त्यानं बैलगाड्या उसाचं वाढं सांडत जायच्या आणि त्यांच्यामागून आम्ही कांडं ओढत जायचो. कारखान्याचा भोंगा वाफेचा होता. त्यावर म्हशी घरी यायच्या, शाळा सुटायची, आणि सासवा सुनांना उठवायच्या. तो भोंगा नेमका पांढऱ्या एकमध्ये वाजतो, हा शोध आण्णांचा. भोंगा झाला की ते बसल्या जागी पेटीची पहिली पांढरी दाबून बघायचे. सूर जुळला की समाधानानं मान हलवायचे. नाही जुळला तर पेटीला कधी बोल लावायचे नाहीत. "वाफ कमी पडलीया कारखान्याची," म्हणायचे. "चेअरमनचं लक्ष न्हाई."

माझा मामा नदीपलीकडचा. आईचा धाकटा भाऊ. फौजेच्या बँडात तो क्लॅरिनेट वाजवायचा आणि हवालदार होऊन परत आला, एक काळी ट्रंक, छातीवर लावायची दोन मेडलं आणि टोकाला पीळ दिलेल्या मिशा घेऊन. आल्या आल्या त्यानं गावात लग्नाचा बँड काढला. ट्रंपेटला गुऱ्हाळावरचा गुळव्या, ढोलाला सोसायटीचा शिपाई, बाकी सगळे शेतकरी. लाल कोट त्यानं कुठल्याशा मोडलेल्या बँडाकडून आणले होते. ते सगळ्यांनाच मोठे होत. गुळव्याच्या कोटाच्या बाह्यांतून त्याची फक्त बोटांची टोकं दिसायची, आणि तीच कामाची असल्यामुळे मामाची काही तक्रार नव्हती.

सातवीचं मी मामालाही विचारलं. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"आमच्या बँडमास्तर साहेबांनी सातीच्या साती फळ्यावर लिवल्या हुत्या," मामा म्हणाला. "सहा वाजवून दावल्या. सातवी लिवली नि पुसून टाकली. म्हनले, ही कुनी वाजवत न्हाई. मी तवाच मनात म्हनलं, पलटनीत असा एक शिपाई कशाला ठिवायचा, ज्याला कवाच ड्यूटी द्यायची न्हाई?"

सूर, पट्ट्या, पंचम यांच्याविषयी आण्णांनी मला खूप सांगितलं, पण त्या पुसून टाकलेल्या सुरावटीचं वाईट वाटणारा माणूस मला एकच भेटला.

मग आमच्या सोप्यात दर बाजारादिवशी हा खटला चालू झाला. मामा नाव करून नदी ओलांडून यायचा, आण्णा बाजाराची पिशवी घेऊन टेकायचे, आई भडंगाचं ताट आणि चहा मध्ये ठेवायची. दोघं एकमेकांशी फार अदबीनं भांडायचे, कारण मामा पडला गावाचा पाहुणा.

"पाव्हणं, पंचम न्हाई, तर तुमी टेकणार कुठं?"

"आवं आण्णा, टेकायचंच कशाला? उभ्यानं वाजवायचं."

"गाणं घरी याया पायजे."

"कशापायी? मी एवढी वर्षं घरी आलो न्हाई, माझं काय वाईट झालं?"

वडील पेपर वाचत असायचे. कुणी त्यांचं मत विचारलं तर पेपर खाली न करता "दोघांचंबी बराबर हाय," म्हणायचे. भडंग संपलं की खटला तहकूब.

त्या माघात अक्काचं लग्न ठरलं. मुलगा विट्याचा. त्याचे वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, आणि मुलगा चुलत्याच्या हाताखाली गलाईच्या दुकानात, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यात. दुकान पार खाली मद्रासकडच्या एका गावात. त्या गावाचं नाव आमच्या घरात प्रत्येकजण वेगळं घ्यायचा. आई तर शेवटी "तिकडं" एवढंच म्हणू लागली. आगगाडीत रात्री काढून जायचं, तिकडं भाताशिवाय काही नसतं, बाया डोक्यात फुलं घालतात, अशी माहिती गावातून गोळा होत होती. अक्का त्या दिवसांत फार बोलायची नाही. तिच्या नव्या बांगड्यांचाच तेवढा आवाज यायचा.

मामानं भडंगाचा बकाणा भरता भरता जाहीर केलं की भाचीच्या लग्नात तो सातव्या पट्टीची नवी धून वाजवणार. जगात कुणी वाजवली नाही अशी. हाच त्याचा आहेर.

"त्यापरास एक तांब्याचं पातेलं दे," आई म्हणाली.

आण्णांनी मात्र कप खाली ठेवला. "पाव्हणं, पैज. ती धून माणसांनी शेवटपातूर ऐकली, तर रामनवमीला देवळात समद्यांम्होरं मी ती माझ्या पेटीवर वाजवीन. माणसं कटाळून उठली, तर तुमी पुन्यांदा सातवीचं नाव काढायचं न्हाई."

मामानं हात पुढं केला. गेली कित्येक वर्षं उराशी धरलेली त्याची ती सुरावट आता एकतर देवळात जाणार होती किंवा कायमची पुसली जाणार होती. हे त्या हात मिळवण्यातलं गांभीर्य मला दिसलं, आईला फक्त तांब्याचं पातेलं गेलेलं दिसलं.

तालीम मामाच्या खळ्यावर. मी रोज कॉलेजातून परस्पर नावेनं पलीकडे जायची. बँडाला सूर भरवायला पेटीचं माणूस हवं म्हणून मामाच्या एका जुन्या पेटीवर मी पांढरी सात दाबून बसायची. पहिल्या दिवशी ती धून मला जिन्याची एक पायरी गायब असावी तशी लागली. पाय टाकला की खाली काहीच नाही. गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली.

"बघ, तिला कळतंया," मामा म्हणाला.

पण रोज ऐकता ऐकता एक दिवस मला ती समजली. म्हणजे डोक्याला नाही, कानाला. ती दुःखी नव्हती, भैरवीसारखा निरोप घेत नव्हती. ती नुसती उंबऱ्यावर उभी होती. आत यायचं की जायचं हे न ठरवता. त्या दिवशी नावेतून परत येताना नावाडी वल्हं मारायचा थांबला, नाव मधल्या पाण्यात नुसती तरंगत राहिली, आणि मला वाटलं, हेच ते. मी खूश होऊन नावाड्याला म्हणाले, हेच ते. त्यानं मला लवकर पलीकडं नेऊन सोडलं.

अडचण निराळीच आली. मामाच्या बँडाची एक रीत होती. थांबायची खूण कुणी कुणाला द्यायची नाही. फौजेत छडी वर जाते, पण हे गडी छडीकडे बघायचेच नाहीत, नाचणाऱ्यांकडे बघायचे. म्हणून मामानं त्यांना शिकवलं होतं की सूर घरी आला की ज्यानं त्यानं आपापलं थांबायचं. एरवी ते बिनचूक थांबायचे. ही धून मात्र घरीच येत नव्हती. गडी इमानी, वाजवतच राहिले. शेवटी गुळव्याचा ओठ सुजला आणि सोसायटीच्या शिपायानं कामावर जायचं म्हणून ढोल खाली ठेवला.

मामानं रात्रभर विचार केला आणि तोड काढली. धून सातवीवर आणायची, सूर लांब धरायचा, आणि हळूच एक पट्टी पुढं सरकायचं. सातवीच्या पुढची पट्टी म्हणजे पुन्हा पांढरी एक. तो सूर लागला तसा साऱ्या बँडानं एकदम श्वास सोडला आणि बँड थांबला.

"घर शेजारीच हाय पोरी," मामा मला म्हणाला. "एक पट्टी म्होरं."

हे आण्णांच्या कानावर गेलं. हळदीच्या दिवशी ते मांडवातच मामाला गाठून म्हणाले, "पाव्हणं, ही लबाडी. शेवटी एकावर गेला म्हंजी ते एकाचं घर, सातवी नुसती त्याची पायरी. सातव्यातच उठायचं, सातव्यातच बसायचं, तर पैज." मामा मिशीला पीळ देत राहिला.

लग्नाचा मुहूर्त दुपारचा. दाराला केळीचे खांब, परसात बुंदीची कढई, आणि सगळ्यावर मळीचा वास. आमच्याकडची रीत अशी की नवरदेव आधी मारुतीला जातो आणि तिथून बँडानं वाजवत त्याला मांडवाच्या दारात आणतात. बँड थांबला की तो घोड्यावरून उतरतो, सवाष्णी ओवाळतात, तो पाटावर उभा राहतो. मग भटजी पुकारतात, मुलीच्या मामानं मुलीला घेऊन यावं. अक्का आत गौरीहरापाशी बसली होती. तिच्या पाटासमोरच्या खिडकीतून मांडवाचं दार सरळ दिसायचं. हातात तांदळाची वाटी होती आणि समोर तिच्या मैत्रिणी रडायची तयारी करून बसल्या होत्या. मी मात्र बाहेर, मामाच्या बाजूला. मला तो शेवटचा सूर ऐकायचा होता.

मारुतीपाशी मामानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं. पाहुण्यांना आधी वाटलं वाद्यं जुळवताहेत. थोड्या वेळानं कळलं की जुळवून झाली आहेत. घोडं दोन पावलं टाकून उभं राहिलं, पुन्हा ओढलं की दोन पावलं. विट्याच्या पोरांनी नाचायला हात वर केले, आणि ते खाली कधी आणायचे हे त्यांना समजेना. तसे हात वर करूनच ते आमच्या दारापर्यंत आले, शरण आल्यासारखे.

दारात घोडं थांबलं. बँड थांबला नाही.

धून सातवीवर आली. मामानं सूर लांब धरला. मी श्वास रोखला. आता एक पट्टी पुढं. पण मामा सरकला नाही. तो वळून पुन्हा पहिल्यापासून निघाला, आणि त्याच्यामागून गुळव्या, ढोल, सगळा लाल कोटांचा लवाजमा निघाला.

पुन्हा सातवी आली. पुन्हा तो परत फिरला. मला वाटलं, आण्णांचं बोलणं याच्या जिव्हारी लागलं. हा आता सातव्यातच बसणार.

भटजी पाटावर चढून म्हणाले, "मुलीचे मामा कुठायत? मुलीला आणा."

"आवं, मामाच वाजिवतोय," आई दातओठ खात म्हणाली.

तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या वडिलांनी एक गोष्ट केली. सुभेदारसाहेबांचं लक्ष मामाच्या मेडलांकडे गेलं होतं. फौजेचा माणूस, मेडलं लावून, कधी न ऐकलेली धून इतक्या निष्ठेनं वाजवतो आहे, म्हणजे ही कुठल्यातरी पलटणीची सलामी असणार असं त्यांनी धरलं. त्यांनी टाचा जुळवल्या, फेटा सारखा केला आणि ते सावधान उभे राहिले. त्यांना बघून त्यांच्या बाजूचे सगळे निवृत्त फौजी उभे राहिले. मग आमच्या गावातले. आमच्या पंचक्रोशीत घरटी एक माणूस फौजेत. बघता बघता अख्खा मांडव सावधान उभा. बाकीच्या बायाबापड्याही उठल्या, कारण एवढे लोक उभे आहेत तर काहीतरी असणारच. आता मध्ये बोलायची कुणाची छाती? नवरदेव घोड्यावर ताठ. नंतर तो आमच्या वडिलांना म्हणाला, "मला वाटलं, तुमच्यात असंच असतंय."

आण्णा तेवढे बसून होते आणि "पंचम न्हाई, पंचम न्हाई," असं पुटपुटत होते.

आई भावाजवळ गेली आणि ओवाळणीच्या ताटाचा काठ तिनं त्याच्या बरगडीत रुतवला. "आरं ए, मुहूर्त चाललाय." मामाची भुवईसुद्धा हलली नाही. भटजींनी घड्याळ काढून कानाला लावलं. धून सातवीवर आली, सूर लांब लागला, आणि मामा परत फिरणार एवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला.

पांढरी एक. वाफ भरपूर, चेअरमनचं पुरतं लक्ष.

सूर घरी आला आणि शिकवल्याप्रमाणे सगळे एकदम थांबले. सुभेदारसाहेबांनी "विश्राम" म्हटलं. वर गेलेले हात खाली आले. मामानं क्लॅरिनेट रुमालानं पुसलं, माझ्या हातात दिलं आणि मुकाट्यानं आत जाऊन अक्काला घेऊन आला. मुहूर्ताची पार शेवटची पळं उरली होती, पण भटजी म्हणाले पुरतील, आणि पुरली. अक्काचा संसार चांगला झाला. ती तमिळमध्ये भांडायला शिकली, तिकडच्या बायांना तिनं भडंग खायला शिकवलं.

पैजेचा निकाल मात्र कधीच लागला नाही. मामाचे साथीदार म्हणायचे, सगळ्या मांडवानं उभं राहून शेवटपर्यंत ऐकली. आण्णा म्हणायचे, शेवट कारखान्यानं केला, पैज कारखान्यानं जिंकली, रामनवमीला कारखान्याला बोलवा. आईनं मामाशी बोलणंच टाकलं. हट्टापायी पोरीचा मुहूर्त घालवीत होता, म्हणायची. भाऊबिजेला तिनं त्याला ओवाळलंसुद्धा न बोलता, शेजारणीला सांगून. "पाटावर बस म्हणावं त्याला." मामानं सगळं ऐकून घेतलं. धून त्यानं पुन्हा वाजवली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "ड्यूटी झाली तिची. बास."

आण्णांना मात्र मी एकदा पकडलं. भर दुपारी दार लोटून घेऊन ते पेटीवर बसले होते आणि पांढऱ्या सातवरून ती धून सावकाश, एकेक सूर चाचपत काढत होते. मला बघून त्यांनी भाता मिटला. "पट्ट्या फुगल्यात का ते बघत हुतो," म्हणाले, "दमट हवा हाय." बाहेर वैशाखाचं ऊन पेटलं होतं.

आता मामाच्या गावाला जायला पूल झाला, नाव गेली. लाल कोटांतला एक मी कितीतरी वर्षं जोंधळ्याच्या रानात बुजगावण्याच्या अंगावर बघायची. त्यालाही तो मोठाच व्हायचा. भोंगा बंद होऊन जमाना झाला. हल्ली लग्नात जे वाजतं त्यानं छाती हादरते, आणि ते संपतं तेव्हा कुणीतरी वायर ओढलेली असते.

"पुरती वाजव की," अक्का खिडकीतून म्हणाली. "अर्धवट काय छेडतीस."

मग मी वाजवली. बोटं अडखळली, पण पट्ट्यांना आठवत होती. गेलेल्या पायरीवर पाऊल पुन्हा तसंच पडलं. सातवीवर येऊन मी सूर लांब धरला आणि हसत म्हणाले, "काय हट्टी गं मामा. पैजेपायी सगळा मांडव उभा केला."

"पैजेपायी?" अक्का म्हणाली. "कोण म्हनलं तुला?"

मी तिच्याकडे बघितलं. काळ्या चष्म्यामुळे काही कळत नव्हतं.

"मी गौरीहराशी बसलेवते. खिडकीतनं मामा दिसत हुता. घोडं दारात आलं तवा त्यानं माझ्याकडं बघितलं. भुवई वर केली, येऊ का न्यायला, अशी. मी मान हलिवली. न्हाई म्हनून."

"म्हणजे लग्न—"

"लगीन नको असं न्हवतं गं. जरा येळ पायजे हुता. तिकडं जायचं, नाव बी घेता येत न्हवतं त्या गावाचं. बसल्या जागी हातपाय गार पडलेवते." ती चष्म्याखालून पदरानं गाल पुसत होती, डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं तरी. "मला न्यायला त्यानंच यायचं हुतं न्हवं? त्यो वाजवतोय तवर कोण नेणार? दर खेपंला माझ्याकडं बघायचा. मी न्हाई म्हनायची. त्यो पुन्यांदा पहिल्यापासनं."

आईचे ते टोमणे, ती अबोल्याची भाऊबीज, मिशीला पीळ देत गप्प बसलेला मामा.

"आणि हे तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तू इचारलंस कवा? तू आपली पंचम हुडकत बसलीस."

मी अजून पांढरी सात दाबून धरली होती. भात्यातली हवा संपत आली, सूर बारीक झाला, आणि सवयीनं माझं बोट पुढच्या पट्टीकडे निघालं. अक्का उठून चाचपडत दिवाणापाशी आली आणि तिनं माझा हात धरला.

"जरा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

मी भाता पुन्हा ओढला.